ट्रॉम्बोनच्या स्लाइडचे वंगण : एका न मिटलेल्या वादाचा आढावा

पितळी वाद्यांच्या कुळात ट्रॉम्बोनचे स्थान वेगळे आहे, कारण ट्रम्पेट, कॉर्नेट किंवा टुबा या वाद्यांत झडपा दाबून नळीची लांबी बदलली जाते, तर ट्रॉम्बोनचा वादक एक अख्खी नळी हाताने पुढेमागे सरकवून स्वर साधतो. या सरकत्या नळीला स्लाइड म्हणतात. पंधराव्या शतकात युरोपात हे वाद्य आकाराला आले तेव्हापासून त्याची मूळ कल्पना तीच राहिली आहे, आणि तिच्याबरोबर एक अडचणही तशीच चालत आली आहे : धातूवर धातू सरकताना हालचाल निर्वेध राहावी, पण दोन नळ्यांमधल्या फटीतून हवा मात्र निसटू नये, यासाठी त्या फटीत नेमके काय घालावे? या प्रश्नाला आज बाजारात डझनांनी उत्तरे मिळतात, त्यांतल्या प्रत्येकाचे निष्ठावंत आहेत, आणि तरीही वाद मिटलेला नाही. या वादाची पार्श्वभूमी, त्यातील प्रमुख पक्ष आणि अद्याप मोकळे राहिलेले मुद्दे यांची मांडणी येथे केली आहे.

स्लाइडची रचना आणि तिची मागणी

प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी आधी स्लाइडची रचना पाहावी लागते. वादकाच्या हातात स्थिर राहणाऱ्या दोन समांतर नळ्यांना आतली स्लाइड म्हणतात, आणि त्यांच्यावर चढवलेली, खालच्या टोकाला इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात वळलेली नळी ही बाहेरची स्लाइड होय. आतल्या नळ्या आधुनिक वाद्यांत बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असून त्यांच्यावर कठीण क्रोमचा मुलामा असतो. बाहेरची नळी पितळेची किंवा वजन कमी ठेवायचे असल्यास जर्मन सिल्व्हरची असते. आतल्या नळ्यांच्या खालच्या टोकाशी काही सेंटीमीटर लांबीचा भाग किंचित जाड केलेला असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही सोय रूढ झाली, आणि तिच्यामुळे बाहेरची नळी आतल्या नळीला संपूर्ण लांबीभर घासण्याऐवजी मुख्यतः या जाड भागावरच टेकू लागली. वंगणाचा बहुतेक सगळा प्रश्न म्हणूनच या दोन स्टॉकिंगांभोवती फिरतो.

हालचालीचे अंतर साध्या हिशेबाने काढता येते. बी-फ्लॅट टेनर ट्रॉम्बोनची नळी स्लाइड पूर्ण मिटलेली असताना साधारण २.७ मीटर लांब असते. स्लाइडची सात स्थाने मानली जातात आणि पहिल्यापासून सातव्या स्थानापर्यंत सहा अर्धस्वरांनी खाली यायचे असल्यास नळीची लांबी सुमारे ४१ टक्क्यांनी, म्हणजे १.१ मीटरने वाढवावी लागते. स्लाइड दुहेरी असल्याने हाताला त्याच्या निम्मे, म्हणजे ५५ सेंटीमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. ट्रम्पेटचा पिस्टन बोटाच्या दाबाने जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर खाली जातो आणि स्प्रिंग त्याला परत वर आणते. ट्रॉम्बोनला ना स्प्रिंग असते ना थांबण्याच्या खुणा. हाताला वाटेत जरा जरी अडखळ लागली तरी ती सुरात ऐकू येते, त्यामुळे पिस्टनच्या तेलाबद्दल फारसा विचार न करणारे वादकही स्लाइडच्या वंगणाबद्दल इतके काटेकोर का असतात, याचे नवल वाटण्याचे कारण उरत नाही.

तेलापासून पायसापर्यंत

हलके खनिज तेल हे या कामासाठी वापरले गेलेले सर्वांत सरळ द्रव्य. ते बाटलीतून थेट नळीवर सोडता येते, वेगळ्या तयारीची गरज पडत नाही, आणि शाळांच्या वाद्यवृंदांत ते अजूनही दिसते. त्याची मर्यादा अशी की, श्वासातली वाफ नळीत थंड होऊन पाणी जमते आणि हे पाणी बाहेरच्या स्लाइडच्या आतल्या अंगावर पसरते; स्लाइड मागे ओढली की तीच ओली भिंत स्टॉकिंगवरून सरकते. तेल आणि पाणी यांचे जमत नसल्याने थर तुटतो आणि काही वेळातच हाताला स्लाइड कधी सैल, कधी जड लागू लागते.

या अडचणीवर विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, जो तोडगा सर्वदूर पसरला तो सौंदर्यप्रसाधनांच्या कपाटातून आला. चेहऱ्याला लावायचे कोल्ड क्रीम, त्यातही पॉन्ड्सचे, स्टॉकिंगवर अगदी पातळ चोळायचे आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा, ही ती पद्धत. कोल्ड क्रीमच्या शोधाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेनला दिले जाते. मधमाश्यांचे मेण, तेल आणि गुलाबपाणी हे त्याचे जुने घटक. पुढे त्यात टाकणखार आला, जो मेणातील आम्लाशी संयोग पावून साबणासारखे द्रव्य बनवतो आणि त्या साबणामुळे एरवी न मिसळणारे तेल व पाणी एकजीव राहतात. अशा मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. चेहऱ्यासाठी केलेली ही योजना स्लाइडलाही लागू पडली, कारण तिथेही तेलकट द्रव्याला पाण्यासोबत नांदायचे होते.

त्यानंतर खास ट्रॉम्बोनसाठी बनवलेली क्रीमे आली. ट्रॉम्बोटाइन आणि सुपरस्लिक ही त्यांतली परिचित नावे. १९४० च्या दशकात सिलिकोन हे द्रव्य औद्योगिक प्रमाणावर तयार होऊ लागल्यावर ते हळूहळू स्लाइडच्या वंगणातही शिरले, आणि अखेरीस पाण्यात मिसळलेले तयार पायस बाटलीत भरून विकण्याची पद्धत रूढ झाली. जर्मनीतले स्लाइड-ओ-मिक्स मुळात दोन बाटल्यांत येते : आधी लहान बाटलीतला दाट द्रव, मग मोठ्या बाटलीतला पातळ. यामाहासारख्या वाद्यनिर्मात्यांनी एकाच बाटलीत काम भागवणारी पायसे आणली.

घर्षणशास्त्र काय सांगते

या तीन पिढ्यांची तुलना करण्यापूर्वी घर्षणशास्त्रातली एक जुनी, पण या प्रश्नाला नेमकी लागू पडणारी संकल्पना समजून घेणे उपयोगाचे आहे. रिचर्ड श्ट्रीबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ च्या सुमारास यंत्रांच्या बेअरिंगांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, वंगण लावलेल्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण वेगानुसार बदलते. वेग शून्याच्या जवळ असताना द्रव बाजूला दाबला जातो आणि धातूचे उंचवटे एकमेकांना भिडण्याच्या बेतात येतात. अशा वेळी धातूला चिकटून बसलेला अत्यंत पातळ थरच झीज आणि अडखळ टाळतो. वेग वाढला की द्रव स्वतःच दोन पृष्ठभागांना दूर ढकलतो, आणि मग विरोध उरतो तो द्रवाच्या श्यानतेचा, म्हणजे दाटपणाचा. पहिल्या अवस्थेत चिकटून राहणारे द्रव्य हवे, तर दुसऱ्या अवस्थेत शक्य तितके पातळ.

ट्रॉम्बोनची स्लाइड या दोन्ही अवस्थांतून प्रत्येक स्वरागणिक जाते. ती थांबते, सुटते, वेग घेते आणि पुन्हा थांबते. द्रुत लयीत हे सेकंदात अनेक वेळा घडते. कोल्ड क्रीम आणि पाणी ही जोडी का यशस्वी ठरली, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण येथे मिळते : मेण आणि तेल यांचा थर धातूला धरून राहतो आणि थांबलेल्या क्षणाची काळजी घेतो, तर वेगाच्या क्षणी फटीत सरकते ते पाणी, ज्याचा दाटपणा हलक्या खनिज तेलाच्या मानाने कितीतरी कमी असतो. एकट्या तेलाला ही दोन्ही कामे एकाच दाटपणात उरकावी लागतात. ते पातळ घेतले तर थांबताना कमी पडते, दाट घेतले तर सरकताना ओढते.

वादकांमध्ये मात्र वेगळीच उपपत्ती प्रचलित आहे. पाण्याचे थेंब छर्ऱ्यांसारखे गडगडतात आणि त्यांच्यावरून नळी घरंगळते, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. द्रवाचा थेंब दोन पृष्ठभागांमध्ये दाबला गेल्यावर गोल राहत नाही, तो पसरतो. त्यामुळे ही उपपत्ती शब्दशः खरी मानता येत नाही. तरीही थेंबांकडे पाहण्याची सवय व्यवहारात चांगली आहे. ज्या नळीवर फवाऱ्याचे पाणी सुटे, उभे थेंब धरून राहते तिच्यावर तेलकट थर शाबूत असतो. पाणी सपाट पसरून ओघळले तर थर धुऊन गेला आहे किंवा साबणाचा अंश मागे राहिला आहे असे समजावे. स्पष्टीकरण चुकीचे आणि निरीक्षण बरोबर, असा हा नमुना आहे.

तीन पक्ष

क्रीम आणि पाणी यांचा पक्ष सर्वांत जुना आणि अनुभवाने सर्वांत समृद्ध आहे. या पद्धतीत वादकाला स्लाइडचा स्पर्श स्वतः जुळवता येतो, खर्च नगण्य येतो आणि फवाऱ्याची बाटली हाताशी असेल तर दोन गाण्यांच्या मधल्या विरामात स्लाइड पुन्हा ताजी होते. आक्षेप दोन आहेत. क्रीम जास्त लागले तर त्यात धूळ आणि पितळाचा काळपट कण मिसळून राखाडी लगदा होतो, आणि नवशिक्यांकडून ते जास्तच लागते. दुसरा आक्षेप प्रसाधनांच्या क्रीमपुरता आहे : त्यांत सुगंधी द्रव्ये असतात, शिवाय एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या क्रीमचे घटक देशानुसार आणि काळानुसार बदलतात. तेलात पाणी विखुरलेले जुन्या धाटणीचे क्रीम पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही; उलट पाण्यात तेल विखुरलेली आजची हलकी क्रीमे फवाऱ्याबरोबर दुधाळ होऊन धुऊन जातात. म्हणून ‘कोल्ड क्रीम चालते’ हे जुने विधान आजच्या प्रत्येक डबीला लागू करणे धोक्याचे आहे.

तयार पायसांचा पक्ष सोयीवर उभा आहे. मापाची चूक होण्यास वाव कमी, लावणे सोपे, फवारा कमी लागतो किंवा लागतही नाही, आणि सर्व वाद्यांवर बऱ्यापैकी सारखा परिणाम मिळतो. शाळांचे शिक्षक आणि वाद्यवृंदांत रोज काही तास वाजवणारे वादक या पद्धतीकडे वळले यात आश्चर्य नाही. घटक व्यापारी गुपित असल्याने आपण नळीत नेमके काय घालतो हे ग्राहकाला कळत नाही, ही या पक्षाची कमकुवत बाजू. आणि पायस जुने होऊन त्यातील पाणी उडाले की चिकट अवशेष उरतो, अशी तक्रारही ऐकू येते.

तिसरा मुद्दा सिलिकोनचा. सिलिकोन म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळीवर बेतलेले कृत्रिम द्रव्य. त्याचा पृष्ठताण कमी असल्याने ते सहज पसरते, रासायनिक दृष्ट्या ते जवळपास निष्क्रिय असते, आणि तापमान बदलले तरी त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका बदलत नाही. हे तिन्ही गुण स्लाइडच्या पथ्यावर पडणारे आहेत. मोठ्या भाराखाली धातूवर धातू घासत असताना सिलिकोन हे दुबळे वंगण ठरते, हा अभियांत्रिकीतला परिचित दोष आहे, पण सरळ असलेल्या स्लाइडवर भार जवळजवळ नसतोच, त्यामुळे हा दोष इथे फारसा जाणवू नये. दुरुस्ती करणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक ठोस आहे : धातूवर बसलेला सिलिकोनचा अंश साध्या धुण्याने सहज निघत नाही, आणि तसा अंश असलेल्या पृष्ठभागावर नवे लॅकर, म्हणजे धातूवरचे संरक्षक रोगण, नीट धरत नाही, त्यात खळगे पडतात. ज्या वाद्याला पुढेमागे नवे लॅकर द्यायचे आहे त्याच्या बाबतीत हा विचार महत्त्वाचा ठरतो. इतरांच्या बाबतीत तो फार ताणण्याचे कारण दिसत नाही.

वापराची रीत

वंगण कोणते यावर मतभेद असले तरी ते कसे लावावे यावर सर्व पक्षांचे आश्चर्यकारक एकमत आहे. आधी बाहेरची स्लाइड उतरवून आतल्या नळ्यांवरचा जुना थर तंतू न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसावा; बाहेरच्या नळीच्या आतून सफाईच्या दांड्यावर कापड गुंडाळून फिरवावे, आणि दांड्याचे उघडे टोक धातूला कधीही लागू देऊ नये. क्रीम वापरायचे असल्यास प्रत्येक स्टॉकिंगवर मुगाच्या दाण्याहून कमी घ्यावे, बोटाने ते दिसेनासे होईपर्यंत चोळावे, बाहेरची स्लाइड चढवून पूर्ण लांबीभर काही वेळा फिरवावी, पुन्हा उतरवावी आणि नळीच्या वरच्या भागावर ओढले गेलेले जादा क्रीम पुसून टाकावे. हे शेवटचे पुसणे बहुतेक जण गाळतात. त्यानंतर फवारा, आणि तोही धुक्यासारखा बारीक.

एक वंगण सोडून दुसऱ्यावर जाताना जुने पूर्ण काढणे आवश्यक मानले जाते, कारण मेणकट थर आणि सिलिकोनचे पायस एकत्र आल्यावर काय होईल याचा भरवसा नसतो. अनेक वादक नवी बाटली जुन्या क्रीमवरच ओततात, आणि स्लाइड जड झाली की दोष नव्या बाटलीला देतात. तसेच स्लाइडचे वंगण स्लाइडपुरतेच ठेवावे लागते. १८३९ मध्ये लाइपझिगच्या क्रिस्टियान फ्रीड्रिख झाटलर याने टेनर ट्रॉम्बोनला फिरती झडप जोडली, तेव्हापासून बऱ्याच ट्रॉम्बोनांवर स्लाइडखेरीज झडपही असते. तिला स्वतःचे पातळ तेल लागते, आणि सूर जुळवण्याच्या आखूड नळीला, जी जागेवर घट्ट राहायला हवी, दाट ग्रीस. क्रीम झडपेत गेले तर ती अडकते.

हवा आणि पाणी

या विषयावरचा बहुतेक अनुभव युरोप-अमेरिकेतल्या बंदिस्त सभागृहांतला आहे. भारतात हे वाद्य सैन्याच्या आणि पोलिसांच्या बँडांत, गोव्याच्या पाश्चात्य संगीतपरंपरेत आणि लग्नाच्या वरातींत वाजते. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्ये बनवण्याचा जुना व्यवसाय आहे. उघड्यावर वाजवणाऱ्याचे गणित वेगळे असते. मे महिन्यात विदर्भाच्या कोरड्या हवेत क्रीमवरचे पाणी मिनिटांत उडून जाईल आणि उरलेला थर चिकटू लागेल, तर मुंबईच्या पावसाळी दमट हवेत तेच पाणी बराच वेळ टिकेल. वरातीत बाटली काढून फवारा मारायला सवड नसते, तेव्हा अशा ठिकाणी पाण्यावर कमी अवलंबून असलेले वंगण तर्काला अधिक पटते. धूळ हा आणखी एक मुद्दा : जितका थर जाड, तितकी धूळ जास्त धरली जाते.

पाण्याच्या प्रतीबद्दलचा वाद त्या मानाने लहान आहे. जड पाण्यातले क्षार वाळल्यावर नळीवर पांढुरकी पुटे धरतात आणि क्रीममधल्या साबणाशी संयोग पावून अविद्राव्य कण बनवतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी बरे. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावीच.

स्वच्छता आणि आरोग्य

वंगणाची चर्चा नळीच्या बाहेरच्या अंगापुरती होते, पण नळीच्या आतही ओलावा, लाळ आणि अन्नाचे कण साचतात. त्याचा धातूवरचा परिणाम परिचित आहे : पितळातले जस्त निघून जाऊन तांबूस ठिपके पडतात आणि नळी आतून खंगत जाते. माणसावरच्या परिणामाकडे लक्ष वेधले ते २०१० मध्ये ‘चेस्ट’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका नोंदीने. सुमारे १५ वर्षे खोकल्याने त्रस्त असलेल्या एका व्यावसायिक ट्रॉम्बोनवादकाच्या वाद्यातून मायकोबॅक्टेरियम जातीचे जीवाणू आणि बुरशी मिळाली. फुफ्फुसांच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार असे निदान झाले, आणि वाद्य नियमित स्वच्छ करू लागल्यावर त्याला आराम पडला. एका रुग्णावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही, आणि यात दोष वंगणाचा होता असेही दिसत नाही. तरी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने ठरावीक काळाने स्लाइड आतून धुण्याच्या जुन्या सल्ल्याला या नोंदीने वैद्यकीय वजन दिले. पाणी कोमटच असावे, कढत नको, कारण लॅकरला ते सोसत नाही.

अनिर्णित काय आहे

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची आहे. स्लाइडच्या वंगणांची तुलना करण्यासाठी सर्वमान्य चाचणी नाही. वाद्य तिरके धरून बाहेरची स्लाइड स्वतःच्या वजनाने किती सहज घसरते हे पाहण्याची घरगुती रीत आहे, पण ती एका दिशेची, अखंड घसरण मोजते; वादकाच्या हाताला जाणवणारी अडखळ थांबण्या-सुटण्याच्या क्षणी असते आणि ती या चाचणीत उमटतच नाही. त्यामुळे ‘जलद’, ‘रेशमी’, ‘जड’ असे शब्द वापरून चाललेल्या चर्चेत दोन माणसे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत की नाही हेही सांगता येत नाही.

दुसरा मोकळा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. कोणते वंगण क्रोमचा मुलामा अधिक वर्षे राखते, हे ठरवण्यासाठी सारख्या स्लाइडी, सारखा वापर आणि बराच काळ लागेल. तसे करण्यात कोणा एका निर्मात्याचा फायदा नसल्याने ते घडण्याची शक्यता कमी आहे. तिसरा प्रश्न जुन्या धाटणीच्या वाद्यांचा : प्राचीन संगीत वाजवणाऱ्यांच्या ज्या प्रतिकृतींत स्टॉकिंग ठेवलेले नाही, तिथे घासणारा पृष्ठभाग बराच लांब असतो, आणि आधुनिक स्लाइडवरून मिळालेला अनुभव त्यांना कितपत लागू करावा याबद्दल वादकांत एकवाक्यता नाही.

उपलब्ध माहितीवरून निवाडा द्यायचाच तर तो असा देता येईल की, विद्यार्थ्याने एका बाटलीतल्या तयार पायसापासून सुरुवात करावी, सभागृहात नियमित वाजवणाऱ्याने ते किंवा क्रीम-पाणी यांतले जे हाताला रुचेल ते घ्यावे, आणि साधे तेल दुसरे काही न मिळाल्यास वापरावे. परंतु वंगणाचा क्रम तिसरा लागतो; पहिला नळ्यांच्या सरळपणाचा आणि दुसरा स्वच्छतेचा. सरळपणा तपासण्याची दुरुस्तीकारांची रीत कोणालाही करता येते. बाहेरची स्लाइड उतरवून उलटी फिरवावी आणि तिची एकच नळी आतल्या एकाच नळीवर चढवून पाहावी, मग तेच दुसऱ्या बाजूने करावे. एकेक नळी मोकळी सरकत असेल आणि दोन्ही एकत्र जोडल्यावरच अडत असतील, तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत; एकच बाजू अडत असेल, तर तिथे खड्डा, बाक किंवा मळ आहे. मळ धुऊन जातो. उरलेल्या दोषांसाठी वाद्य दुरुस्तीकाराकडेच न्यावे लागते, आणि नवी बाटली विकत घेण्यापूर्वी ही तपासणी करावी.